हवेचा बंगला बसवण्याची रीत

आमच्या बिरदेव आबांची मेंढरं आणि झोप एकाच दिवशी गेली. मेंढरांची पावती मिळाली, झोपेची नाही.

आबा माझे थोरले चुलते. कळतं झाल्यापासून ते कळपाबरोबर उघड्यावर झोपले. पुढं आमच्या कन्हेरी गावाच्या चहूबाजूंनी कॅनॉलचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, आणि मेंढरानं तोंड खाली घातलं की समोरचं गवत कुणाच्या तरी मालकीचं निघायला लागलं. पोरांपैकी कुणी कळपामागं चालायला राजी नव्हतं. आबांचा मुलगा शंभूराज बारामतीत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तांब्याची तार नव्यानं भरून द्यायचं दुकान चालवायचा. मी तिथंच कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, आणि ते वर्ष मला इतकं आवडलं होतं की मी ते पुन्हा करत होतो. शेवटी सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर कळप विकला. त्या दिवशी आबा जन्मात पहिल्यांदा नव्या स्लॅबच्या घरात, खाटेवर, पंख्याखाली आडवे झाले. सकाळी त्यांना उठवायची गरज पडली नाही.

मग हे रोजचंच झालं. दिवसा मान पडायची, पण हनुवटी छातीला टेकली की दचकून म्हणायचे, "कोण सुटलं?" कुणीच सुटलेलं नसायचं. एकदा चालता चालता कॅनॉलच्या चारीत पडले आणि तेवढीच आंघोळ झाली म्हणत वर आले. आम्ही हसलो. फुलाबाई काकी हसली नाही. आबांच्या बंडीच्या बाजू तिनं दोनदा आत घेऊन शिवल्या होत्या.

"तिसऱ्यांदा शिवली तर आत माणूस ऱ्हायाचा न्हाय," ती मला म्हणाली.

बारामतीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. कुठलंही औषध आधी एका मेंढराला पाजायचं आणि ते जगलं तर बाकीच्यांना, ही आबांची रीत. आता मेंढरू नव्हतं म्हणून त्यांनी गोळी कुत्र्याला दिली. कुत्रं दुसऱ्या दिवशी दुपारी उठलं, परक्या माणसाकडं बघून शेपूट हलवायला लागलं, आणि त्याची भुंकायची हौस गेली ती गेलीच.

"ह्यात झोप न्हाय," आबा गोळ्यांची पुडी परत देत म्हणाले. "ह्यात राजीनामा हाय."

त्याच सुमारास बारामतीत एक आनंदमेळा आला होता. त्यात पोरांनी आत शिरून उड्या मारायचा हवेचा बंगला होता. ताडपत्रीसारखं जाड कापड, तांबडा-पिवळा रंग, चार कोपऱ्यांना चार बुरूज, आणि मागं हवा भरणारा मोठा पंखा. पंख्याची मोटार जळाली म्हणून मेळ्याचा मालक ती शंभूदादाकडं घेऊन आला. दादानं भरून दिली. ती परत जळाली. परत भरली. तिसऱ्या वेळी मालक म्हणाला, मोटारही राहू द्या आणि बंगलाही राहू द्या, मी गावाकडं जाऊन रसवंती टाकतो. आणि खरंच गेला.

दादाला वाटलं, वाढदिवसांना भाड्यानं देता येईल. बंगल्याची वळकटी ट्रॉलीतून कन्हेरीला आली आणि आमच्या मागच्या परड्यात, पूर्वी कोकरं कोंडायचो त्या जागेवर, उलगडली.

हा बंगला फुग्यासारखा एकदा भरून तोंड बांधायचा नसतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्याच्या शिवणीशिवणीतून हवा जात असते आणि पंखा ती सारखी भरत असतो. त्यामुळं उभा असला तरी तो स्वस्थ नसतो. भिंती जरा फुगतात, जरा बसतात. दादानं बटण दाबलं तसा एक बुरूज उठला, मग दुसरे दोन, आणि चौथा घरच्यांनी फारच आग्रह केल्यावर उठावं तसा अर्धवट उठून एका बाजूला कलला. तो कायम तसाच राहिला.

गल्लीतली सगळी पोरं आत शिरली. आबा आधी लांबून बघत होते. मग जवळ आले आणि त्यांनी भिंतीला तळहात लावला.

"दम खाती," ते म्हणाले.

"हवा हाय ती आबा," दादा म्हणाला.

"मेंढरात तरी दुसरं काय आसतंय?"

एवढं बोलून ते भिंतीला पाठ लावून बसले, डोकं मागं कापडात रुतवलं, आणि झोपले. आत पोरं किंचाळत होती. प्रत्येक उडीला आबांचं डोकं वीतभर वर जायचं आणि खाली यायचं, आणि ते वरही घोरत होते आणि खालीही घोरत होते.

काकी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन धावत आली. तिनं क्षणभर बघितलं, तोंडाला पदर लावला, आणि मग कुठल्याही बाईनं केलं असतं तेच केलं.

"गप बसा रं पोरांनू. आबा झोपल्यात."

पोरं गप्प बसली. आबा ताडकन जागे झाले. "कोण सुटलं?"

काकीनं पिठाचे हात पदराला पुसले. मग पोरांना म्हणाली, "उड्या मारा."

तेव्हापासून आमच्या घरात आबांना झोपवायचं खातं पोरांकडं गेलं. काकीनं गूळ-शेंगदाण्याची पाटीच परड्यात मांडली. सकाळी शाळेआधी एक तुकडी, दुपारी लहान पोरांची दुसरी, संध्याकाळी सगळी. पोरं थकून बसली की आबांचे डोळे उघडायचे, म्हणून थकायला बंदी होती. सुरुवातीला पोरं जीव तोडून उड्या मारत होती. पण खेळ वेळेवर करायचा ठरला की त्याची शाळाच होते. शेजारची प्रतिक्षा, तिसरीतली, सगळ्यांच्या वतीनं काकीशी बोलायला आली.

"आज्जी, उद्यापास्नं आमी न्हाय येणार."

"का गं बाय?"

"पाय दुखत्यात. आन् मनिषाची आय म्हणती, आब्यास कवा करायचा."

"आन् आबांनी झोपायचं कसं?"

प्रतिक्षानं विचार केला. तिलाही आबांचं वाईट वाटत होतं. "झोपू द्यात की. पर मधी सुट्टी पायजे. आन् शेंगदाणं भाजून द्या, कच्च्यानं पोट दुखतंय."

काकीनं दोन्ही मागण्या मान्य केल्या.

झोप लागायला लागली तसं आबांच्या अंगात बळ आलं. बंगल्याची सगळी उस्तवार त्यांनी स्वतःकडं घेतली. बंगल्याला ते ‘ती’ म्हणायचे आणि उस्तवारही तशीच करायचे. रोज सकाळी हवा भरायच्या आधी पोटाखालून हात फिरवून बाभळीचा काटा रुतलाय का बघायचे. भोक सापडलं की ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि सोल्युशन. शिवण उसवली की पोती शिवायचं दाभण आणि नायलॉनचा दोरा. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुतात तशी त्यांनी ती चारीवर नेऊन धुतली आणि दोन्ही अंगांनी उन्हात वाळवली. ओली गुंडाळली की अंगाला वास येतो, हे त्यांनी मला सांगितलं. कुणाच्या अंगाला, ते मी विचारलं नाही. उंदरांनी कुरतडू नये म्हणून वळकटीत कडुनिंबाचा पाला घातला.

आत जाणाऱ्या प्रत्येक पोराचा पाय ते उचलून तळवा बघायचे, नखं वाढलेली असली तर परत पाठवायचे. पैंजण, पिना, करगोट्याला अडकवलेल्या किल्ल्या सगळं बाहेर. कुणाची पाळी झाली ते कळावं म्हणून त्यांनी एक दिवस बाहेर पडणाऱ्या पोरांच्या पाठीवर गेरूचा फराटा ओढला. शाळेत गुरुजींनी विचारलं, पोलिओच्या डोसाची खूण आता पाठीवर करतात काय. ते मात्र काकीनं बंद करायला लावलं.

शंभूदादाचं दुखणं वेगळं होतं. बंगला भाड्यानं द्यायला आणला होता आणि त्याला टेकून बाप झोपत होता. कुणी विचारायला आलं की काकी दारातच सांगायची, मोकळा न्हाय. शेवटी कळंबच्या सावळाराम तात्यांचा निरोप आला. तात्या उसाचे बागायतदार, कारखान्याचे जुने सभासद. नातीचा, श्रेयाचा वाढदिवस होता. दादानं परस्पर हो म्हणून टाकलं.

"आबा एक दिस ऱ्हात्याल घरी," तो म्हणाला.

"ती जाईल तितं त्ये जात्याल," काकी म्हणाली. "आन् त्ये जात्याल तितं मी."

म्हणून ट्रॉलीत बंगला, बंगल्यावर आबा, आबांशेजारी काकी आणि काकीच्या मांडीवर शेंगदाण्याची पाटी असे आम्ही कळंबला गेलो.

तात्यांच्या बंगल्यापुढं, म्हणजे विटांच्या बंगल्यापुढं, आम्ही आमचा उभा केला. फ्रॉक आणि बूट घातलेली पोरं आली. आबांनी एकेकाचे बूट-मोजे काढून तळवे बघितले. एका मुलीची आई म्हणाली, किती काळजी घेतात बाई. मग पोरं उड्या मारायला लागली आणि आबा कलत्या बुरुजाखाली बसून घोरायला लागले.

"हे कोण?" एका पाहुण्यानं विचारलं.

"मेंटेनन्सचे," दादा म्हणाला.

तेवढ्यात सावळाराम तात्या आले. आबांच्याच वयाचे, पांढरं धोतर, हातात काठी. त्यांनी झोपलेल्या माणसाच्या तोंडाकडं वाकून बघितलं.

"आरं, ह्यो तर बिरदेव," ते म्हणाले. "ह्येची मेंढरं माझ्या रानात बसायची की."

आमच्याकडची ही जुनी चाल. पीक निघालं की शेतकरी मेंढक्याला बोलवायचा. कळप राती त्याच्या रानात बसायचा, लेंड्या आणि मूत जमिनीत जायचं, पुढचं पीक जोमात यायचं. मेंढक्याला बदल्यात ज्वारी, बाजरी, आणि मुक्कामापुरती ती जमीन आपल्या अंगणासारखी वापरायची मुभा. याला मेंढरं बसवणं म्हणतात. वर्षानुवर्षं आबा आणि काकी असेच एकाच्या रानातून दुसऱ्याच्या रानात बसत गेले होते. पुढं खताची पोती आली आणि बोलावणी थांबली.

संध्याकाळी केक कापायची वेळ झाली. सगळी पोरं उतरली, श्रेया उतरेना. तिला उचलून न्यायला आई आत गेली तर ती बुरुजाला मिठी मारून बसली. तात्या दादाला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, ह्यो बंगला आमालाच देऊन टाका. हितंच ऱ्हाईल."

दादाचा चेहरा लग्न ठरल्यासारखा उजळला. मोटारीतून पुन्हा जळका वास यायला लागल्याचं त्याला एकट्यालाच माहीत होतं. "न्या की तात्या. आजच ठिवून जातो."

काकीच्या हातातला लाडू हातातच राहिला. तिनं आबांकडं बघितलं, त्यांच्या बंडीकडं बघितलं, आणि लाडू ताटात परत ठेवला.

पोरं उतरली होती, म्हणजे शांतता झाली होती, म्हणजे आबा जागे होते. ते उठले, धोतर झटकलं.

"इकायची न्हाय," ते म्हणाले. "बसवतो."

काठीवर दोन्ही हात ठेवून तात्यांनी आबांकडं बघितलं.

"किती दिस?"

"रान बघून सांगतो."

"मागं ऊस तुटलेलं रान हाय. नांगरायला येळ हाय अजून."

"मग बघू या."

"आबा," दादा खालच्या आवाजात म्हणाला, "त्यात लेंड्या कुठनं यायच्या?"

दोघा म्हाताऱ्यांनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू भर पंगतीत त्यानं उष्ट्या पत्रावळ्यांविषयी विचारलं होतं. मग दोघं रान बघायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बंगला तात्यांच्या रानात बसला. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून पंख्याला वायर ओढली. काकीनं बांधाला तीन दगडांची चूल मांडली, लिंबाच्या फांदीला भाकरीचं गठुडं टांगलं, आणि एवढ्या महिन्यांत स्लॅबच्या घरात एक खिळा ठोकायला विचार करणाऱ्या बाईनं तासाभरात संसार उभा केला. दादा वैतागून बारामतीला गेला. मी राहिलो. माझी परीक्षा जवळ आली होती.

बसवण्याचा नियम असा, की कळप रोज पुढं सरकवायचा, म्हणजे सगळ्या रानाला सारखं खत मिळतं. आबांनी बंगलाही रोज सरकवला. रोज सकाळी मेखा उपटायच्या, वळकटी ओढायची, आदल्या दिवसाच्या जागेला लागून नवी जागा साफ करायची, मेखा ठोकायच्या. खत म्हणाल तर शेंगांची टरफलं पडायची, आणि एकदा श्रेयाची एक चप्पल हरवली. तरी तात्या रोज काठी टेकत यायचे, आबांबरोबर झालेल्या भागावरून चालायचे, वाकून मूठभर माती चुरगाळायचे आणि मान हलवायचे.

"त्या कोपऱ्यात दोन दिस जास्ती बसवा," एकदा ते म्हणाले. "तितली माती जरा हलकी हाय."

"बघितलंय मी," आबा म्हणाले. "तितं मोठी पोरं चढवतो."

कळंबची मोठी पोरं त्या कोपऱ्यात दोन दिवस उड्या मारत राहिली. ज्वारीचं एक पोतं बांधावर येऊन पडलं. काकीनं ते चुलीपाशी ओढून घेतलं.

मग एका दुपारी शंभूदादा मोटारसायकल घेऊन आला. इंदापूरचा एक मांडववाला बंगला घ्यायला तयार होता, टेम्पो मागून येत होता, आणि या खेळाला आता पुरे म्हणायचं असं तो वाटेत ठरवून आला होता. बांधावर गाडी लावून त्यानं बघितलं तर बंगला जमिनीवर सपाट. बुरूज एकमेकांवर पडलेले, पंखा बंद. शेतीची लाईट गेलेली. पोरं उसाची कांडी चघळत झाडाखाली बसली होती. सगळीकडं चिडीचूप. आणि त्या सपाट कापडाच्या कडेला, उघड्या ढेकळांवर, हाताची उशी करून आबा घोरत होते.

दादाला वाटलं, आत्ताच लाईट गेली असणार, आता आबा उठणार. तो पेटीकडं पळाला. तेवढ्यात लाईट आलीच. विहिरीवरची मोटार धडधडायला लागली. दादानं पंख्याच्या बटणाकडं हात नेला.

"थांब," काकी म्हणाली. ती चुलीपाशी बसून आबांची बंडी उसवत होती. आत घेतलेल्या शिवणी दातानं तोडून कापड मोकळं करत होती.

"आगं, पोरं उड्या मारत न्हाईत. उठत्याल त्ये."

"लाईट सकाळधरनं न्हवती."

दादानं आबांकडं बघितलं. मग बंगल्याकडं. मग माझ्याकडं, पण मी पुस्तक उघडून बसलो होतो, हे दृश्य त्यालाही नवीन होतं.

"म्हंजे बंगल्याचं काय कामच न्हाय," तो हळूच म्हणाला. "झोप ह्या रानात हाय. मग बरंच झालं की आये. बंगला मांडववाल्याला देतो. आबांना हितंच ऱ्हाऊ द्या म्हणून तात्यांना सांगतो."

काकीनं दोरा तोडला.

"बंगला न्हाय म्हणल्यावर तात्यांनी आपल्याला रानात का म्हणून ठिवून घ्यावं?"

"वळखीचं हायती की."

"वळखीच्या माणसाला च्या देत्यात बाबा. रानात झोपू देत न्हाईत. आमी आजवर कुणाच्या रानात फुकट झोपलो न्हाय. मेंढरं होती तवर मेंढरं बसवली. आता ही हाय." तिनं सपाट पडलेल्या तांबड्या-पिवळ्या कापडाकडं हात केला. "हिच्या नावावर झोपत्यात त्ये. ही गेली की त्ये पाव्हणं झालं. पाव्हण्याला कुठली झोप?"

तेवढ्यात बांधावरून लोणी देवकरचा एक शेतकरी आला. त्याचाही ऊस तुटला होता, आणि त्यानं तात्यांकडून ऐकलं होतं. आबा झोपलेले बघून त्यानं पायातल्या वहाणा काढल्या आणि काकीपाशी उकिडवा बसला.

"आमच्यात कवा बसवता?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"हितला कोपरा ऱ्हायलाय अजून," काकीही कुजबुजली. "रान केवढं हाय तुमचं?"

"दोन एकर. पोरं लई हायती आमच्या वस्तीवर."

"बारकी का मोठी?"

"मिसळ."

"मग बरं हाय. उठल्यावर विचारते त्यास्नी."

रस्त्यावर मांडववाल्याचा टेम्पो येऊन थांबला. दादा बांधापर्यंत गेला, ड्रायव्हरशी काहीतरी बोलला, आणि टेम्पो रिकामाच वळून गेला. परत येऊन त्यानं पंख्याची मोटार हुंगली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि ती खोलून झाडाखाली घेऊन बसला.

श्रेया त्याच्यापाशी आली. "कधी उठणार?" तिनं विचारलं.

"कोण, बंगला का आबा?"

तिनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "कुणीपण," ती म्हणाली.

"वेळ हाय," दादा म्हणाला, आणि तांब्याची तार काढून मोटार भरायला घेतली.